जायचे एक तिकीट, यायची दोन

११ जानेवारी २०२४ रोजी बाळासो बंडगरने सोलापूर स्टेशनसमोरच्या तिकीट एजंटाच्या टेबलावर २१,३७० रुपये ठेवले. सोलापूर ते चेन्नई रेल्वे, चेन्नई ते पोर्ट ब्लेअर विमान, आणि तसेच परत. जायचे एक तिकीट आणि यायची दोन.

एजंटाने मान वर करून विचारले, "काका, जाणार एकटे आन् येताना दोघं?"

"व्हय. पोराला आणायचंय."

"त्यानं यायचं कबूल केलंय का? न्हायतर तिकीट वाया जाईल. ह्यात पैसे परत मिळत न्हाईत."

"तुमी काढा की," बाळासो म्हणाला.

बाळासो होटगीच्या पलीकडच्या एका वाडीतला धनगर. तीन एकर माळ, चौदा मेंढरे आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मालाच्या गाठी बांधायची नोकरी. सकाळी मोटारसायकलला डबा अडकवून निघायचे आणि दिवस मावळताना परतायचे. ही झाली त्याची पोटापाण्याची ओळख. आजूबाजूच्या दहा-बारा गावांत मात्र त्याला बुडीवाला बाळासो म्हणत.

त्या भागातल्या विहिरी खोल, काळ्या खडकात कातलेल्या. वरून वाकून पाहिले तर पाण्यात आपले तोंडही नीट दिसत नाही. कुणाची कळशी गेली, कुणाची मोटर दोर तुटून तळाला बसली, की बाळासोला बोलावणे यायचे. त्या कामाचे तो पैसे घ्यायचा आणि घासाघीसही करायचा. पण माणूस बुडाले असेल तर पैसे घ्यायचे नाहीत, हा त्याच्या बापाने घालून दिलेला नेम होता. ज्या घरचे माणूस असेल त्या घराने एक नारळ आणि एक कोरा टॉवेल द्यायचा. तो टॉवेलही घरात वापरायचा नाही. त्याची बायको केराबाई ते टॉवेल बिरोबाच्या देवळात नेऊन ठेवायची आणि वाटेने जाणारा कुणी मेंढका अंग पुसायला उचलून न्यायचा.

बुडी मारायची त्याची रीत बापाकडूनच आलेली. एक दम, एक हात, एक लाथ. वर छाती भरून घ्यायची, कडेच्या दगडाला धरून खाली जायचे आणि डोळ्यांवर विसंबायचे नाही, हातांनी चाचपायचे. बोटांना कापड लागले, केस लागले, की मूठ आवळायची, तोंड घट्ट मिटायचे आणि दोन्ही पायांनी तळाला लाथ मारून सरळ वर यायचे. डोके पाण्याबाहेर निघेपर्यंत मूठही सोडायची नाही आणि दमही सोडायचा नाही. एकदा हात सुटला तर गाळ ढवळतो, मग ते माणूस पुन्हा लवकर सापडत नाही. तीस-बत्तीस वर्षे हेच करून हे त्याच्या अंगात इतके मुरले होते, की कापड हाताला लागल्यावर पुढचे सगळे शरीरच करायचे. त्याला विचार करावा लागत नसे.

आता सत्तावन्नावे लागले होते. मागच्या दिवाळीत एका म्हाताऱ्यासाठी त्याला चार वेळा खाली जावे लागले. चौथ्या वेळी वर आला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि लोकांनी त्यालाच बाजेवर निजवले.

त्या दिवशी केराबाई म्हणाली, "आता पुरं. एक दिवस तुमालाच काढायला माणूस हुडकावा लागंल."

"तेच तर म्हणतोय मी. हुडकून मिळणार हाय का कुणी?"

मिळणार नव्हते. गावोगावी पोहणारी पोरे होती, पण मढ्यासाठी पाण्याखाली जायला कुणी तयार नव्हते. हे करू शकेल असा एकच होता, बाळासोचा मुलगा बिरुदेव.

बिरुदेव पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पाच वर्षांचा असताना पोहायला शिकला. पंधराव्या वर्षी त्याचा दम बापापेक्षा जास्त टिकायचा. बाळासो लोकांना अभिमानाने सांगायचा, "माजं पोरगं मासा हाय." दहावीच्या वर्षी एकदा बाळासो तापाने फणफणला होता आणि बोलावणे आले. विहीर शेजारच्या गावची होती. माणसे दारात उभी होती. बिरुदेव आपणहून म्हणाला, मी जातो. त्याने एकाच बुडीत काढले. वर आणल्यावर पाहिले, तर ती त्याच्याच वर्गातली अपेक्षा होती. पाणी शेंदताना तिचा पाय घसरला होता. तिची वेणी बिरुदेवच्या मुठीत होती आणि ती सोडवायला दोघांना त्याची बोटे उलगडावी लागली.

 दहावी झाली आणि तो सोलापुरात एका पोहण्याच्या तलावावर कामाला लागला. तिथून मालवण, मालवणहून अंदमान. गेली सहा वर्षे तो तिथल्या एका छोट्या बेटावर होता. परगावच्या लोकांना पाठीवर हवेची टाकी लावून समुद्राच्या तळाशी न्यायचे आणि मासे दाखवून परत आणायचे, हे त्याचे काम. केराबाई शेजारणींना सांगायची, "पोरगं मासं दाखवतंय." शेजारणी विचारायच्या, "विकत न्हाय व्हय? नुसतं दाखवतंय?"

बाळासो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बेटावर पोचला. बरोबर केराबाईने दिलेल्या कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि लेकासाठी लोकरीची घोंगडी होती. त्या उकाड्यात घोंगडी पाहून बिरुदेव हसला, पण त्याने ती खांद्यावर घेतली आणि उतरवली नाही.

रिसॉर्ट म्हणजे नारळीच्या बागेत बांबूच्या आठ खोल्या, पुढे वाळू आणि वाळूला लागून समुद्र. एका बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये हवेच्या टाक्या ओळीने उभ्या. त्या भरायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की विहीर खणताना होतो तसा आवाज व्हायचा, आणि तेवढा एकच आवाज बाळासोला ओळखीचा होता. एरवी बेटावर शांतता. रस्ता एकच, त्यावर दिवसातून दोन-तीन गाड्या. मालकीण महेश्वरी मूळची तमिळ, पन्नाशीची, नवरा गेल्यावर एकटीने सगळे चालवणारी. बिरुदेव बापाला आप्पा म्हणतो हे ऐकून तीही त्याला अप्पा म्हणू लागली आणि मग स्वयंपाक्यापासून बोटवाल्यापर्यंत सगळेच म्हणू लागले.

"अप्पा, मछली नहीं खाते?" तिने पहिल्या दिवशी विचारले.

"खातो की. पण तुमच्या मच्छीला नारळाचा वास येतो," बाळासो आपल्या हिंदी-मराठीत म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडून तिच्यापुढे धरला. तिने तो चावून पाहिला, दाताला हात लावला आणि म्हणाली, "ये रोटी है कि टाईल?"

पहिले दोन दिवस बाळासोने तिकिटाचा विषय काढला नाही. शेडच्या सावलीत बसून लेकाचे काम पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी पुण्याची एक बाई आली होती, बँकेतून निवृत्त झालेली, बरोबर सून. सुनेला जायचे नव्हते, बाईला जायचे होते, पण पाण्यात तोंड घातले की ती घाबरून उभी राहायची. बिरुदेव तिच्याबरोबर कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. ती उभी राहिली की तो उभा राहायचा, ती म्हणाली "नको" की तोही म्हणायचा "नको तर नको," आणि हलायचा मात्र नाही. बऱ्याच वेळाने दोघांची डोकी एकदम दिसेनाशी झाली. बाळासो उठून पाण्याच्या कडेला गेला. बुडबुडे दूर दूर जात होते, दोन ओळी शेजारी शेजारी. त्यांच्यावर नजर ठेवून तो तसाच उभा राहिला. ती बाई वर आली तेव्हा रडत होती आणि हसत होती, आणि बिरुदेवचा हात तिने वाळूवर येईपर्यंत सोडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बापलेक वाळूत बसले.

"गावाकडं चल," बाळासो म्हणाला. "तुजं तिकीट काढलंय."

"आईनं सांगितलं फोनवर. कशाला काढलंसा?"

"कशाला म्हंजे? माज्या मागं कोण?"

"काय राजाची गादी हाय का आप्पा, मागं कोण बसणार म्हणून?"

"गादी न्हाय. माणसं हायत. बुडायची थांबलीत व्हय? परवा त्या म्हाताऱ्याची लेक विहिरीच्या काठावर बसून माज्याकडं बघत हुती. मी चवथ्यांदा गेलो. पुढच्या खेपंला मला न्हाय जमायचं. मग ती लेक कुणाकडं बघंल?"

 बिरुदेव म्हणाला, "आप्पा, मी हितं रोज चार माणसं खाली नेतो. चारी जिती वर येत्यात. हात धरला तर हात गरम लागतो. मला अजून झोपेत वेणी हाताला लागती. तुमाला लागत न्हाय काय?"

बाळासोने समुद्राकडे पाहिले. 

"एकदा माज्याबरोबर खाली या," बिरुदेव म्हणाला. "मी काय करतो ते बगा. मग काय ते बोला. तुमी म्हणाल तर येतो."

"मी म्हणलो तर येतूस?"

"येतो."

बाळासोला हे पुरे होते. बत्तीस वर्षे पाण्यात गेलेल्या माणसाला आणखी एका बुडीचे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरुदेवने त्याला कमरेइतक्या पाण्यात उभे केले, टाकी लावली, तोंडात नळी दिली आणि शिकवायला लागला. महेश्वरी शेडमधून पाहत होती.

"ह्यात एकच मोठा नेम हाय, आप्पा. दम कोंडायचा न्हाय. श्वास चालूच ठेवायचा. आत, बाहेर. आत, बाहेर. खाली मिळती ती हवा दाबलेली असती. ती छातीत कोंडून वर आलं की फुगती. दहा मीटरवर घेतलेली हवा वर येईस्तोवर दुप्पट हुती. छाती फाटती."

"विहिरीत न्हाय फाटली इतकी वरसं."

"विहिरीत तुमी हवा वरनं घेऊन जाता. खाली गेलं की ती दबती, वर आलं की पयल्याइतकी हुती. हितं हवाच खाली घ्यायची. फरक हाय."

"व्हय रं, कळलं. पाचव्यांदा सांगायलास."

"धाव्यांदा सांगीन. तुमची खोड मला म्हाईत हाय."

बाळासोने उथळ पाण्यात सगळे करून दाखवले. श्वास घेतला, सोडला, खुणा शिकला. अंगठा वर म्हणजे वर जायचे, तर्जनी आणि अंगठा मिळवले म्हणजे ठीक. बिरुदेवची खात्री झाली, तेव्हा दोघे निघाले.

पाणी इतके उजेडाचे असते हे बाळासोला माहीत नव्हते. आजवर त्याच्यासाठी पाण्याखाली म्हणजे काळोख, थंडी आणि हाताला लागणारा शेवाळाचा गुळगुळीतपणा. इथे त्याला स्वतःचे पाय दिसत होते, पायांची नखे दिसत होती. निळे-पिवळे मासे थव्याने आले आणि त्याच्या तोंडापुढून फुटून दोन्हीकडे गेले. तरी त्याचे हात आपोआप पुढे होऊन चाचपत होते. बिरुदेवने हळूच ते हात धरून खाली केले आणि खूण केली: चाचपू नका, बघा. बाळासोने बघितले. एक कासव खडकाशेजारी गवत खात होते, गावच्या गाईसारखे, कुणाची फिकीर न करता. बाळासो श्वास घेत होता, सोडत होता. त्याच्या छातीतून सतत आवाज येत होता आणि पाण्याखाली आपल्याच श्वासाचा आवाज ऐकायची ही त्याची पहिलीच वेळ होती. लेक हाताच्या अंतरावर होता. दोघे असे एकत्र पाण्याखाली कधी गेले नव्हते. विहिरीत एक वेळी एकानेच उतरायचे असते.

तळाची वाळू आली. एका खडकाच्या कपारीत कुणा कोळ्याचे जुने निळे जाळे अडकले होते. जाळ्याला बांधलेले एक लाल फडके पाण्याच्या ओढीने हलत होते. पदर हलतो तसे.

बाळासोने ते पाहिले आणि त्याचा हात तिथे गेला. बोटांना कापड लागले. मूठ आवळली गेली, तोंड मिटले, छाती बंद झाली, आणि दोन्ही पायांनी वाळूला लाथ बसली. हे सगळे एका क्षणात झाले. त्यात विचार नव्हता. धाव्यांदा सांगितलेले कुठे नव्हते.

बिरुदेवला प्रथम कळले ते एवढेच, की बापाचे बुडबुडे थांबले. त्याने वर झेप घेऊन त्याचा पाय धरला, पण बाळासोच्या पायात विहिरीचे बळ होते. पाय सुटला. बिरुदेव खालून छातीवर बुक्क्या मारल्याच्या खुणा करत होता, सोडा, सोडा, पण बाळासो वर पाहत होता. उजेड जवळ येत होता. डोके बाहेर निघाले, तेव्हाच त्याने तोंड उघडले आणि त्यातून रक्ताचा फेस आला. मुठीत निळ्या जाळ्याचा तुकडा होता, लाल फडक्यासकट.

बोटीत त्याला आडवा करून नाकाला ऑक्सिजन लावला. गळ्याची कातडी फुगली होती आणि बोटाने दाबली की खडे मीठ चुरडावे तशी करकरत होती. महेश्वरीने स्वतः वेगाची बोट बोलावली आणि स्वतःच बरोबर निघाली. पोर्ट ब्लेअरला पोचेपर्यंत बाळासो शुद्धीवर होता. छातीत सुरी फिरावी तसे दुखत होते. तो एकच गोष्ट विचारत होता, "कोण हुतं? कोण हुतं ते?"

"कुणी न्हवतं, आप्पा," बिरुदेव सांगत होता. "चिंधी हुती. कुणी न्हवतं."

डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घालून साचलेली हवा काढली. फुफ्फुस फाटले होते, पण जीव वाचला. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगणारे. ते म्हणाले, थोडक्यात निभावले आहे. जखम भरेल, पण त्या जागी फुफ्फुस कायमचे अधू राहील. महिनाभर विमानात बसायचे नाही, आणि पाण्यात डोके बुडवायचे नाही. समुद्र नाही, नदी नाही, विहीर नाही. पुन्हा कधीच नाही.

बिरुदेवने हे मराठीत सांगितले. बाळासोने विचारले, "आंघोळ?"

"आंघोळ चालंल."

"बरं झालं. तुजी आई घरात तरी घेईल."

हसताना त्याला कळ आली आणि मग तो बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडला.

महेश्वरीने बिरुदेवला कामावरून काढले नाही. तिने एवढेच सांगितले की दोन महिने कुणालाही खाली न्यायचे नाही, टाक्या भरायच्या. ज्याच्या अंगात जन्माची सवय आहे त्याला आपलाच माणूस आहे म्हणून एका सकाळीत खाली नेले, ही चूक तिने त्याच्या पदरात घातली आणि ती त्याने मान्य केली. मग ती बाळासोच्या उशाशी बसून म्हणाली, "अप्पा, मुझे भी रोकना चाहिए था." आणि भाकरी कधी पाठवणार ते विचारून गेली.

आठव्या दिवशी नळी काढली. त्या दुपारी बिरुदेव खाटेशेजारी स्टुलावर बसला होता. दाढी वाढली होती. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मी येतो गावाकडं. तुमचं काम मी करीन."

ज्यासाठी बाळासोने पैसे मोजले, इतक्या लांब आला, ते असे खाटेवर पडल्या पडल्या त्याच्या हातात आले होते. त्याने लेकाकडे पाहिले. बिरुदेवचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि मूठ आवळलेली होती. पोराच्या ते ध्यानात नव्हते.

"तू नको येऊस," बाळासो म्हणाला.

"का?"

"भ्यालाईस तू."

"मी? मी न्हाय भ्यालो."

"भ्यालाईस. मला दिसतंय की. भ्यालेला माणूस विहिरीत उतरला की एका मढ्याची दोन हुत्यात. मला न्हाय चालायचं. गावात माजं नाव हाय."

"आप्पा, म्या तुमच्या पाठोपाठ वर आलो. सावकाश वर यायचा नेम सोडून आलो. भ्यालो असतो तर—"

"पुरं. तुला मासंच दाखवायला येतंय. तेच कर."

बिरुदेवला भीती नव्हती, हे बाळासोइतके कुणालाच ठाऊक नव्हते. सोळाव्या वर्षी एका बुडीत माणूस काढणारे पोर होते ते. पण दुसरे काही सांगितले असते तर पोर ऐकते ना. अपमान झाला म्हणून बिरुदेव उठून बाहेर गेला. दोन दिवस कामापुरतेच बोलला, आणि गावाचे नाव काढले नाही.

महिना होत आला तसे बाळासोला जहाजाने चेन्नईला आणले. परतीची दोन्ही तिकिटे तोवर वाया गेली होती. बिरुदेव बरोबर होता. गाडी सुटायच्या वेळी तो सामान ठेवायला म्हणून डब्यात चढला आणि उतरेना.

"उतर खाली," बाळासो म्हणाला.

"सोलापूरपर्यंत तरी येतो."

"सोलापूरपर्यंत आलास की होटगीपर्यंत येशील. उतर."

बिरुदेव उतरला. खिडकीशी आला. गाडी हलल्यावर थोडे चालत राहिला, मग थांबला. बाळासोने हात वर केला आणि अंगठा व तर्जनी मिळवून दाखवली. शिकलेल्या खुणांपैकी तेवढी एक त्याला नीट आठवत होती.

कारखान्यात त्याला गाठी बांधण्याऐवजी मोजणीवर बसवले. उन्हाळा लागला. विहिरींचे पाणी खाली गेले. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी मडिवाळप्पा नावाचा शेतकरी मोटारसायकल पडवीपाशी टाकून धावत आला. अक्कलकोटच्या बाजूला त्याचे गाव. आई गुरम्मा पहाटेपासून घरात नव्हती आणि विहिरीच्या काठावर तिच्या चपला होत्या.

"अण्णा, बर्री. लगू बर्री," तो कानडीत म्हणाला आणि मग मराठीत, "लवकर चला."

"मला आता पाण्यात उतरता येत न्हाय," बाळासो म्हणाला. "छाती फाटलीय. डॉक्टरनं मना केलंय."

मडिवाळप्पाला ते खरे वाटले नाही. त्याच्याबरोबर आलेला एकजण म्हणाला, "समुद्राकाठी जाऊन आलेत की आता. पैसे सांगा की मग, पैसे. किती घेता?"

केराबाई दारात आली. "अवो, त्येंचा सदरा वर करून बगा," ती म्हणाली. "भोक हाय भोक."

"ऱ्हाऊ दे," बाळासो म्हणाला आणि पायात चपला घातल्या. "चला. उतरत न्हाय, पर येतो."

होटगीला ईरप्पाच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर त्याने गाडी थांबवायला लावली. एक लोखंडी गळ आणि नायलॉनचा लांब दोर घेतला. खिशात पैसे नव्हते. ईरप्पाने कशासाठी ते ऐकले आणि म्हणाला, "मढ्यासाठी असेल तर मलाबी नकोत पैसे." बाळासो म्हणाला, "तो नेम माजा हाय, तुजा न्हाय. पगार झाला की देतो."

विहिरीवर सगळा गाव जमला होता. बाळासोने काठावर बसून दोर सोडला आणि चारी बाजूंनी गळ फिरवला. दुपारपर्यंत दोनदा काहीतरी लागले, एकदा बाभळीची फांदी, एकदा फुटकी बादली. पूर्वेच्या भिंतीला तळाशी खडकाची कपार आहे, हे त्याला ठाऊक होते. त्या विहिरीतून त्याने पूर्वी मोटर काढली होती. गुरम्मा कपारीखाली गेली असणार. गळ तिथे वळत नव्हता. हात वळला असता. त्याने उठून सदऱ्याला हात घातला, एक गुंडी काढली, आणि मग पुन्हा लावून खाली बसला. शहरातून बोलावलेले अग्निशमन दलाचे पथक दुसरीकडे अडकले होते, ते दुसऱ्या दिवशी येणार होते.

मडिवाळप्पा पायरीवर बसून त्याच्याकडे पाहत होता. बाळासोने मान खाली घालून दोर गुंडाळला, सोडला, गुंडाळला. तळहात सोलले. कुणी चहा आणला, तो त्याने घेतला नाही. घरीही गेला नाही. घरचे लोक बसले होते तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पथक पोचायच्या आधी, गुरम्मा आपली आपण वर आली. चार जणांनी बाज सोडून तिला काढले. पाण्यात फार वेळ राहिलेल्या माणसाचे तोंड लेकाने पाहू नये, म्हणून बाळासो नेहमी वर आणल्याबरोबर पदर ओढून घ्यायचा. या वेळी वर आणणारा तो नव्हता, काढणाऱ्यांना ते सुचले नाही, आणि मडिवाळप्पाने पाहिले.

ज्या दोराने मढे शोधले तो दोर घरी आणायचा नाही, अशीही रीत आहे. बाळासोने गळासकट तो विहिरीच्या कडेच्या बाभळीखाली ठेवला आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून घरी आला.

त्या संध्याकाळी बिरुदेवचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत कुणीतरी पोचवली होती.

"आप्पा, मडिवाळप्पाची आई गेली म्हणं. सापडली का?"

"सापडली की."

"कुणी काढलं? किती येळ लागला?"

"पथक आलं हुतं शहरातनं. चांगली पोरं हायत. लगेच काढलं. अर्ध्या तासात."

"खरं?"

"खोटं कशाला सांगू? तुजं काय चाललंय? अजून टाक्याच भरतूस का सोडलं खाली?"

"सोडलं. सोमवारपास्नं. पयला दिवस नीट गेला. चार जण नेले."

"आले का चारी?"

"आले."

"मग झालं तर," बाळासो म्हणाला आणि फोन केराबाईच्या हातात दिला. तिने तो कानाला लावायच्या आधी नवऱ्याकडे पाहिले. त्याचे तळहात हळद लावून बांधलेले होते.  मग लेकाला म्हणाली, "व्हय रं बाबा. ह्येनी सांगितलं तसंच झालं."

मे महिन्याचा पगार झाला, पण त्यात मेंढरांचे औषध निघाले. दोर आणि गळ मिळून ३६५ रुपये ईरप्पाला अजून द्यायचे आहेत.